ओपीजीतल्या अनोळखी ठिपक्यांबद्दल मनापासून आभार

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

अक्कलदाढ पाहायला म्हणून ओपीजी (दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे) काढावा आणि त्यात नको तिथे पांढरा ठिपका किंवा रेघ दिसावी, असं आमच्या व्यवसायात होतच असतं. पेशंटला बहुतेक वेळा त्याचा पत्ताही नसतो. अशा प्रत्येक फिल्मवर एक्स-रे तज्ज्ञ म्हणून तुम्ही जे बारकाईनं लिहून देता, त्याबद्दल आम्हा दंतवैद्यांचे हे जाहीर आभार.

पहिले आभार कानातल्यांबद्दल. ओपीजीत किरण मागून आणि खालून वर, साधारण ४ ते ७ अंश तिरपा येतो. त्यामुळे कानात राहिलेल्या रिंगची दुसरी प्रतिमा विरुद्ध बाजूला पडते; ती मूळ प्रतिमेपेक्षा वर, मोठी आणि धूसर असते. नेमकी वरच्या दाढांवर किंवा सायनसवर (गालामागच्या हाडातली पोकळी) पडली, की ती आत अडकलेली वस्तू वाटते. ‘धूसर असेल तर आधी दुसऱ्या बाजूचा कान बघा’ हे तुमचं वाक्य आता आमच्याकडे एक्स-रे काढणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे.

ठिपका खरा निघाला तरी ओपीजी फक्त उंची आणि आडवी जागा सांगतो, खोली सांगत नाही. म्हणून तुम्ही दुसरी फिल्म मागता: एक्स-रेची नळी थोडी आडवी सरकवून त्याच जागेची आयओपीए (तोंडात ठेवून काढलेली एक-दोन दातांची छोटी फिल्म). वस्तू नळीच्या दिशेनं सरकली तर ती जिभेच्या बाजूला, उलट सरकली तर गालाच्या बाजूला. या एका जादा फिल्मनं चुकीच्या बाजूनं हिरडी उघडण्याची वेळ टळते.

हिरडीत राहिलेला चांदीच्या फिलिंगचा कण, कॅनॉलमध्ये (दाताच्या मुळातली नळी) तुटलेली फाइल (ती साफ करायची बारीक सुई), मुळाच्या टोकाबाहेर गेलेलं गटापर्चा (कॅनॉल भरायचा रबरासारखा पदार्थ) हे रोजचं. चांदीचा कण वेडावाकडा आणि लख्ख पांढरा दिसतो, वर हिरडीवर निळसर-काळा डागही असू शकतो. त्रास नसेल तर त्याला हात लावायचं कारण नाही. गटापर्चा धातूपेक्षा कमी पांढरं दिसतं, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धा गोंधळ मिटतो.

मुलांच्या बाबतीत तुमचा सल्ला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. कॅनॉल उघडा राहिला की अडकलेला घास काढायला मूल टाचणी, स्टेपलची पिन, सुई आत घालतं, ती तुटते आणि रागावतील या भीतीनं ते घरी बोलत नाही. म्हणून दात उघडा ठेवून मुलाला घरी पाठवू नये, तात्पुरतं सिमेंट भरावंच. पिन काढताना रबर डॅम (दाताभोवती ताणलेला रबराचा पडदा) हवाच, नाहीतर निसटलेला तुकडा गिळला जातो किंवा श्वासनलिकेत जातो.

पडून समोरचा दात तुटला आणि तुकडा सापडला नाही, तर ओठाचा एक्स-रे काढायचा. फिल्म ओठ आणि दातांच्या मध्ये, एक्स्पोजर नेहमीच्या साधारण पाव. पूर्ण दिलं तर बारीक तुकडा काळ्यात बुडून जातो. तिथंही नसेल, तर छातीच्या एक्स-रेचा विचार करायचा. ओठावर टाके घालण्याआधी हे झालं पाहिजे.

सायनसमध्ये गेलेलं मूळ किंवा इम्प्लांट एका जागी थांबत नाही, डोक्याच्या स्थितीप्रमाणे हलतं. जुन्या स्कॅनवर विसंबून शस्त्रक्रिया करू नका, त्याच्या अगदी आधी ताजा सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) घ्या, हे तुम्ही प्रत्येक वेळी लिहिता. प्रत्येक वेळी लिहायलाच हवं असं ते आहे.

मलेशिया-इंडोनेशियात श्रद्धेपोटी चेहऱ्यात घातल्या जाणाऱ्या सुसुक या बारीक सोन्याच्या सुयांची ओळखही तुमच्यामुळे झाली. त्या सहसा काढाव्या लागत नाहीत. पेशंट त्याबद्दल चारचौघांत बोलत नाही, म्हणून विचारायचं ते एकांतात आणि आदरानं.

आणि एक वाक्य, जे रिपोर्टच्या शेवटी तुम्ही न चुकता घालता: लाकूड आणि बहुतेक प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही, तेव्हा फिल्म स्वच्छ असली तरी सूज किंवा पू टिकून असेल तर शोध थांबवू नका. त्या वाक्यासाठी तर विशेष आभार.

आपले,
तुमच्याकडे फिल्म पाठवणारे दंतवैद्य