कोजागरीनंतरचा धूमकेतू

महोदय,

या महिन्यात (ऑक्टोबर २०२४) दिसणाऱ्या त्सुचिन्शान-ॲटलास धूमकेतूचे (शास्त्रीय नाव सी/२०२३ ए३) फोटो पाहून अनेक जण सूर्यास्त होताच गच्चीवर जातात आणि निराश होऊन परततात. घाई नको. सूर्यास्तानंतर ४५ मिनिटे थांबा, त्याआधी संधिप्रकाश शेपटी गिळतो. पश्चिमेला ठळक शुक्र आणि त्याच्या उजवीकडे वायव्येला स्वाती हा तेजस्वी तारा शोधा. दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या वर धूमकेतू आहे. आधी १०×५० द्विनेत्रीने (दहापट मोठे दाखवणारी, ५० मिमी भिंगांची दोन डोळ्यांची दुर्बीण) पाहावे. कोजागरीचे चांदणे सध्या आड येते, पण २० ऑक्टोबरपासून चंद्र उगवण्याआधी पुरेसा अंधार मिळेल. धूमकेतू रोज फिका होतो आहे, म्हणून पुढचा आठवडा दवडू नये.

फोटोसाठी ट्रायपॉड हवाच. ५० मिमी लेन्स, छिद्र (अॅपर्चर) एफ/२, प्रकाश-संवेदनशीलता (आयएसओ) १६०० आणि शटर ४ ते ५ सेकंद उघडे ठेवावे. जास्त वेळ ठेवल्यास पृथ्वीच्या फिरण्याने तारे रेघा होतात. ऑटोफोकस अंधारात भरकटतो. तो बंद करून स्क्रीनवर शुक्र मोठा करावा आणि तो बारीक ठिपका होईपर्यंत लेन्सची फोकस रिंग फिरवावी. बटण दाबताना कॅमेरा हलतो, त्यामुळे २ सेकंदांचा टायमर लावावा. मोबाइलही स्टँडवर, नाइट मोडमध्ये चालतो.

फोटोतली लांब शेपटी डोळ्यांना तशी दिसत नाही, हे वृत्तपत्रांनी फोटोखाली जरूर छापावे.

एक आकाशनिरीक्षक, सातारा
१८ ऑक्टोबर २०२४