नव्याची तारीख ठरवा, मगच जुन्याला निरोप द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नौदल दिन आला की 'विक्रांत' या विमानवाहू जहाजाची छायाचित्रे सगळीकडे झळकतात. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला ती नौदलात दाखल झाली, तेव्हा मी आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. अभिमान आहेच. पण जहाजाच्या पुढे जाऊन, उंचावरून समुद्र आणि आकाश न्याहाळणारी टेहळणी हेलिकॉप्टरे आता म्हातारी झाली आहेत, त्यांची जागा कोण आणि कधी घेणार हे अजून ठरलेले दिसत नाही, आणि त्याबद्दल कोणी लिहीतही नाही. म्हणून हे पत्र.

मी नौदलाच्या हवाई शाखेत सी किंग हेलिकॉप्टरवर तंत्रज्ञ होतो. आता कोरेगावात असतो आणि नौदल भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना संध्याकाळी गणित व विज्ञान शिकवतो. ही मुले उद्या त्याच डेकवर उभी राहणार आहेत.

आधी साधी गोष्ट सांगतो. रडार कितीही ताकदीचे असो, पृथ्वीच्या गोलाईपुढे त्याचे काही चालत नाही. पाण्यापासून २५ मीटर उंचीवर बसवलेल्या जहाजाच्या रडारला, लाटांवरून ५ मीटर उंचीने येणारे क्षेपणास्त्र साधारण ३० किलोमीटरवर आल्यावरच दिसते. ते आवाजापेक्षा थोड्या कमी वेगाने येत असेल तर जहाजाच्या हातात दीड-पावणेदोन मिनिटे उरतात. आवाजाच्या पावणेतीन पट वेगाचे असेल तर अर्धे मिनिट. तेवढ्यात ओळखायचे, निर्णय घ्यायचा आणि मारायचे. तेच रडार ३,००० मीटर उंच नेले की क्षितिज सव्वादोनशे किलोमीटरवर जाते. राजवाड्यावर उभे राहून किती दिसते आणि अजिंक्यताऱ्यावरून किती, हे सातारकरांना सांगायला नको.

आपल्याकडे हे काम कामोव्ह-३१ करते. १९९९ पासून टप्प्याटप्प्याने मागवलेली ही रशियन हेलिकॉप्टरे २००३ साली सेवेत येऊ लागली. एकावर एक असे दोन पंखे, शेपटीचा पंखा नाही. पोटाखाली ६ मीटर लांबीचा सपाट अँटेना दुमडून ठेवलेला असतो. हेलिकॉप्टर वर गेले की तो खाली उतरतो, चाके वाटेतून बाजूला होतात आणि अँटेना संथपणे गोल फिरू लागतो. पहिल्या तुकडीला आता दोन दशके उलटून गेली. २०१९ मध्ये आणखी दहा घेण्यास संरक्षण मंत्रालयाने मंजुरी दिली होती. युक्रेनचे युद्ध पेटल्यावर २०२२ मध्ये ती बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या.

एक गैरसमज मुलांच्या पालकांकडून नेहमी ऐकतो: 'आता अमेरिकेची नवी हेलिकॉप्टरे आली की, मग काय अडचण?' एमएच-६०आर सीहॉक उत्तम यंत्र आहे. २०२० मध्ये आपण २४ मागवली आणि मार्च २०२४ मध्ये कोचीला त्यांची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. पण त्यांचे मुख्य काम पाणबुडी शोधून मारणे. सी किंगचे ते काम त्यांनी घेतले. कामोव्हचे काम वेगळे, ते अजून कोणाकडे गेलेले नाही. दुसरा प्रश्न येतो तो विमानांचा. अमेरिकी नौदल हॉकआय हे टेहळणी विमान जहाजावरून उडवते खरे, पण त्याला ढकलायला डेकवर कॅटापल्ट नावाचे यंत्र लागते. आपल्या 'विक्रांत' आणि 'विक्रमादित्य' या दोन्ही जहाजांवर पुढे चढती धावपट्टी आहे, कॅटापल्ट नाही. किनाऱ्यावरून उडणारी पी-८आय टेहळणी विमाने भरवशाची आहेत, पण ताफा हजार मैल दूर गेला की त्याच्या डोक्यावर ती चोवीस तास कुठून आणणार? जहाजाला स्वतःचा डोळा लागतो आणि आपल्यासाठी तो हेलिकॉप्टरचाच.

हा डोळा मिटला की काय होते, ते ब्रिटिशांना विचारावे. त्यांनी १९७८ मध्ये गॅनेट ही जहाजावरची टेहळणी विमाने निवृत्त केली, बदली काहीच आणले नाही. ४ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात अर्जेंटिनाची विमाने लाटांलगत आली आणि त्यांनी सोडलेले एक्झोसेट क्षेपणास्त्र 'शेफिल्ड' या ब्रिटिश विनाशिकेवर आदळले. वीस माणसे गेली, सहा दिवसांनी जहाजही बुडाले. मग धावपळ करून सुमारे अकरा आठवड्यांत सी किंगला बाजूने फुगणाऱ्या घुमटातले रडार जोडले. ते तिकडे पोहोचले तेव्हा युद्ध संपलेले होते. वरातीमागून घोडे! पुढे त्याच सी किंगने अनेक वर्षे चोख काम केले. पण २०१८ मध्ये ब्रिटिशांनी ती निवृत्त केली तेव्हाही बदलीचे क्रोजनेस्ट रडार तयार नव्हते. मर्लिन हेलिकॉप्टरवर बसून ते जहाजासोबत निघाले २०२१ मध्ये. एकाच खड्ड्यात दोनदा पाय. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. आपण मागचे आहोत, निदान आपण तरी शहाणे व्हावे.

'मग जुनीच आणखी दहा वर्षे उडवा' असे मात्र मी म्हणणार नाही. म्हाताऱ्या यंत्राची सेवा म्हणजे काय, हे हँगरमध्ये राबलेल्याला ठाऊक असते. सी किंगच्या मुख्य पंख्याला पाच पाती. प्रत्येक पात्याचा मुख्य दांडा पोकळ, आत नायट्रोजन दाबाने भरलेला. दांड्याला केसाएवढा तडा गेला तरी दाब उतरतो आणि पात्याच्या बुडाशी बसवलेला दर्शक ते सांगतो. उड्डाणाआधी ते पाचही दर्शक बघायचे. गिअरबॉक्सचा मॅग्नेटिक प्लग, म्हणजे चुंबकी बूच, काढून उजेडात धरायचा आणि टोकाला धातूचा कीस चिकटलाय का ते पाहायचे. दिसला तर उड्डाण रद्द, मग वरून कोणाचाही फोन येवो. सगळ्यांत वाईट खारा वारा. गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय यंत्राला रात्र काढू द्यायची नाही, नाहीतर रिव्हेटच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी फुटते. रंगाखाली फुगवटा दिसला की समजायचे, आत पोखरले आहे. वय वाढते तसे एका तासाच्या उड्डाणामागे जमिनीवरचे तास वाढत जातात.

त्यात सुटे भाग. १९९८ मध्ये पोखरणनंतर अमेरिकेने निर्बंध घातले. सी किंग ब्रिटिश बनावटीचे, पण मूळ रचना अमेरिकी, त्यामुळे सुटे भाग अडले. एका हेलिकॉप्टरचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा आणि ते उडवायचे, ही पाळी ज्यांनी पाहिली ते विसरणार नाहीत. काढताना आणि लावताना दोनदा काम, दोनदा धोका, आणि उघडे पडलेले यंत्र कोपऱ्यात तसेच गंजत राहते. आज रशिया स्वतः युद्धात अडकला असताना कामोव्हवर ही वेळ येणार नाही, असे कोणत्या भरवशावर धरायचे?

हे आपल्याला जमत नाही असे मुळीच नाही. तुपोलेव्ह-१४२ ही जुनी रशियन टेहळणी विमाने मार्च २०१७ मध्ये अरक्कोणमच्या नौदल तळावर सन्मानाने निवृत्त झाली, तेव्हा पी-८आय २०१३ पासूनच तिथे रुळलेली होती. जुन्या माणसांनी नव्यांना शिकवले आणि एक दिवसही पहारा उठला नाही. हेलिकॉप्टरच्या बाबतीत हेच का होऊ नये? देशी रडार डीआरडीओने हवाई दलाच्या 'नेत्र' टेहळणी विमानावर बसवून दाखवले आहे. हिंदुस्तान एरोनॉटिक्स १३ टन वजनाच्या हेलिकॉप्टरची आखणी करत आहे, पण त्याला वेळ लागणार. तोपर्यंत दुसऱ्या देशाकडून थोडी तयार हेलिकॉप्टरे घ्यावी लागली तरी घ्यावीत, मात्र रडार आपले बसवायचा प्रयत्न व्हावा.

सातारा आणि सांगलीच्या खासदारांना माझी विनंती आहे. सैनिकांचा जिल्हा म्हणून भाषणात अपशिंगे मिलिटरी या गावाचे नाव सगळेच घेतात. त्याच अभिमानाने त्यांनी संसदेत लेखी प्रश्न विचारावा: कामोव्ह-३१ ची निवृत्ती कोणत्या वर्षी आणि बदलीचे हेलिकॉप्टर जहाजावर कोणत्या वर्षी? दोन्ही तारखा एकाच कागदावर मागाव्यात. गुप्त ते गुप्त राहू द्या, वर्ष सांगायला हरकत नसावी.

आणखी एक. उड्डाण थांबलेली सी किंग भंगारात जाऊ नयेत. एखादे साताऱ्यातल्या आयटीआयला किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाला मिळाले, तर गिअरबॉक्स, पाती, हायड्रॉलिक्स मुलांना हाताने उघडून शिकता येईल. आमच्यासारखे निवृत्त तंत्रज्ञ जिल्ह्यात बरेच आहेत. शिकवायला आम्ही विनामोबदला येऊ.

कळावे.

आपला नम्र,
एक निवृत्त चीफ पेटी ऑफिसर, कोरेगाव, जि. सातारा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)