दांडिया बाजारातल्या काकांना जाहीर आभार

आदरणीय काका,

नाव छापायचं नाही अशी तंबी दिलीत, म्हणून 'काका' एवढंच लिहितो. ओळखणारे ओळखतीलच.

बडोद्याच्या मकरपुऱ्यात आम्ही ट्रान्सफॉर्मर तपासतो. तापमानवाढीच्या चाचणीत तासन्‌तास नुसतं बघत बसायचं. तेलाचं तापमान तासाला १ केल्व्हिनपेक्षा कमी वाढू लागलं आणि ३ तास तसंच राहिलं, की मग पुढचं काम. पण पुरवठा बंद केल्यानंतरची पहिली काही मिनिटं फार घाईची असतात. वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, निवत असतं आणि त्याचा रोध भराभर मोजावा लागतो. ही वाचनं टिपून पडद्यावर दाखवणारा आमचा प्रोग्राम अडायचा तो नेमका तेव्हाच. ऑपरेटर बटण दाबतोय, काहीच होत नाही, खिडकी पांढुरकी पडून वर 'नॉट रिस्पॉन्डिंग', आणि पाठोपाठ हाक: "साहेब, पाछुं अटकी ग्युं!" (पुन्हा अडकलं!) प्रोग्राम करून देणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं: नवा कॉम्प्युटर घ्या.

तुम्ही आधी टास्क मॅनेजर उघडलात. प्रोसेसरच्या आठ कोअरपैकी एकच घाम गाळत होता. "नवा आणून काय, आणखी कोअर निवांत बसवायचे?" म्हणालात. तिथेच तुमच्यावर विश्वास बसला.

मीटर वाचायला वेगळे थ्रेड (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) होतेच, त्यामुळे 'बॅकग्राउंडला टाका' या नेहमीच्या सल्ल्याचा काही उपयोग नव्हता. घोळ पुढे होता. डब्ल्यूपीएफमध्ये, म्हणजे विंडोजवर खिडक्या-बटणं बनवायच्या ज्या साधनात आमचा प्रोग्राम लिहिलाय त्यात, खिडकीला हात लावायची मुभा एकाच थ्रेडला. आमच्याकडे दर वाचनामागे डिस्पॅचरच्या, म्हणजे त्या थ्रेडला कामं वाटणाऱ्याच्या, रांगेत एक नवं काम पडायचं, तेही 'नॉर्मल' प्रायॉरिटीने. माऊस-कीबोर्डची 'इनपुट' प्रायॉरिटी त्याच्याही खाली. म्हणजे वाचनांचा ओघ आटेपर्यंत ऑपरेटरच्या क्लिकला नंबरच लागायचा नाही! काही ठिकाणी तर 'इन्व्होक' वापरलेलं, म्हणजे पडद्याचं आवरेपर्यंत मीटर वाचणारा थ्रेडच ताटकळत उभा. पडद्यापायी मोजमाप अडावं, हे मात्र तुम्हाला सहन झालं नाही. त्या वेळी तुम्ही जे बोललात ते इथे लिहीत नाही.

मग तुम्ही दिशाच उलटी केलीत. प्रत्येक वाचन थेट फाइलमध्ये जातं, एकही गळत नाही. सगळ्यात ताजं वाचन तेवढं मेमरीत बाजूला ठेवलेलं असतं आणि दर २०० मिलिसेकंदांनी पडदा स्वतःच ते उचलतो, तेही 'बॅकग्राउंड' प्रायॉरिटीने, क्लिक वगैरे आटोपल्यावर. त्याहून वेगाने आकडे बदलले तरी वाचणार कोण?

तक्त्याचंही तसंच. पूर्वी दर वेळी अख्खी यादी बदलायची, निवडलेली ओळ सुटायची, स्क्रोल वर उडायचा. आता बदललेला रकानाच बदलतो. ऑपरेटरला विचाराल तर तो याच गोष्टीचं कौतुक जास्त करतो, आणि मला त्याचं पटतं.

पैशाचा विषय तुम्ही काढूच दिला नाहीत. सेव-उसळीवर भागवलंत, तीही 'तिखट कमी' म्हणून नावं ठेवत.

आलेख राहिलाय. रुंदीत जेवढे पिक्सेल त्या मानानेच बिंदू काढा, हजारो काढत बसू नका, म्हणालात. ते चालू आहे. अडलो तर फोन करीन, दुपारी झोपेच्या वेळी नाही.

आपला,
मकरपुऱ्यातला टेस्ट इंजिनिअर