परवाने रिकामे, विद्यार्थी ताटकळत

संपादक महोदय,

माझी भाची बडोद्यातल्या एका शिक्षणसंस्थेत संख्याशास्त्र शिकते. प्रकल्पाची तारीख तोंडावर आली आणि विभागातल्या सॉफ्टवेअरचे सगळे परवाने (म्हणजे ते वापरायची विकत घेतलेली परवानगी) अडकलेले. वरच्या मजल्यावरच्या विभागात मात्र तेच सॉफ्टवेअर दुपारभर कोणी उघडत नव्हते. विचारले तर उत्तर मिळाले, ‘ते आमच्या बजेटमधून घेतलंय!’ ज्या बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांच्या काळी पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत, तिथे परवान्याला एक जिना उतरवेना.

यावर उपाय म्हणजे विभागांनी आपले परवाने एकत्र करून सामाईक वापरावेत. ‘फ्लोटिंग’ परवाना एका संगणकाला बांधलेला नसतो. एकाच वेळी किती जण वापरताहेत एवढेच सर्व्हर (परवाने वाटणारा मध्यवर्ती संगणक) मोजतो. एकाने बंद केले की दुसऱ्याला मिळतो. विभागांना भीती वाटते ती परीक्षेच्या आठवड्यातल्या गर्दीची, आणि ती खोटी नाही. पण अनेक परवाना-सर्व्हरवर प्रत्येक विभागासाठी काही परवाने राखून ठेवता येतात, कमाल मर्यादा घालता येते. सॉफ्टवेअर उघडे टाकून चहाला गेलेल्यांचा परवाना ठरावीक वेळाने परतही घेता येतो (यात प्राध्यापकही आले). खर्च वापराच्या नोंदींवरून वाटावा.

करार मात्र आधी नीट वाचायला हवा, कारण काही परवाने एकाच विभागापुरते दिलेले असतात. तशी अट नसेल, तर निदान दोन विभागांनी या सत्रात महिनाभर परवाने सामाईक करून पाहावेत. भाचीचा प्रकल्प अजून अर्धाच आहे.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा