प्रोजेक्टरवाल्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,

नाव छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून ते नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचेत, कारण जुने मूकपट योग्य वेगानं, प्रिंट न बिघडवता कसे दाखवायचे याच्या तुमच्या सूचना इतर फिल्म क्लबांनाही लागतील.

१९१२चा 'अल्जी द मायनर' घ्या. सोलॅक्स या अमेरिकी चित्रपट कंपनीचा हा एका रिळाचा विनोदी वेस्टर्न. बिली क्वर्कचा नाजूक शहरी अल्जी पश्चिमेला पोचतो आणि कृतज्ञतेनं चक्क एका काउबॉयचा मुका घेतो! नंतरचा अवघडलेला क्षण हीच खरी गंमत. भरधाव चालवलं की तो क्षण गिळला जातो, उरते नुसती धावपळ. मूकपटांना वेड्यांची पळापळ समजतात ते यामुळेच.

तुमचा हिशोब आता आमच्या भिंतीवर आहे: १६ मिमी रुंद फिल्मच्या ४०० फुटी रिळात १६,००० फ्रेम्स (म्हणजे सुटी चित्रं). सेकंदाला २४ फ्रेम्सच्या वेगानं सुमारे ११ मिनिटांत खेळ खलास, १६ने १६ मिनिटं ४० सेकंद. पण १६ हाही मंत्र नव्हे. कॅमेरा हातानं फिरायचा, पाठलागासाठी मुद्दाम सावकाशही फिरवायचे. म्हणून माणसाची चाल, पडणारी टोपी, टापांखालची धूळ बघून वेग ठरवा, हे तुमचंच. मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटनच्या 'गो वेस्ट'ला (१९२५) १६ लावलं तर तो पेंगुळलेला दिसेल.

वेग उतरवला की पडदा लुकलुकतो. दोन पात्यांचं शटर (प्रकाश अडवणारी फिरती चकती) १६ला सेकंदाला ३२च झपके देतं. तीन पात्यांचं ४८ देतं आणि डोळे निवतात. मूक प्रिंटला दोन्ही कडांना भोकं असतात, आवाजाची पट्टी नसते, तेव्हा बोलपटांच्या प्रोजेक्टरवर व्हॉल्यूम शून्यावर, नाहीतर भोकांचीच घरघर ऐकू येते. उलट, एका कडेला भोकं असलेली प्रिंट जुन्या मूक मशीनवर चढवली तर फिल्म ओढणारे चाकांचे दात दुसरी कड फाडतात. ही चूक दुरुस्त होत नाही.

आकसलेली प्रिंट ओळखायची तुमची युक्ती तर भारीच: तिच्या १०० फ्रेम्स नव्या फिल्मशेजारी ठेवायच्या, एक फ्रेम कमी भरली की आकस १ टक्का, मग ती मशीनवर चढवायची नाही. व्हिनेगरचा वास आला तर फिल्म सडायला लागलीय, तो डबा इतरांपासून लांब.

मूकपटांत मधेमधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या क्षणात उडून जातात, त्याचं कारणही कळलं. जागा वाचवायला निगेटिव्हवर पाटीच्या चारदोनच फ्रेम्स ठेवत, त्या नंतर लांबवायच्या राहिल्या की असं होतं. डिजिटल कॉपीत आता पाटी दोनदा मोठ्यानं वाचून होईल इतकी थांबवतो.

तुमचा स्प्लायसर (फिल्म जोडायचं यंत्र) मंगळवारी घरी पोचता करतो.

आपले,
क्लबचे सभासद