ताण हलका करायला अनोळखी माणसंही लागतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत गेले काही महिने ताणतणावावर काही ना काही येतंय आणि मी ते सगळं वाचते, कात्रणं पण ठेवते, ऑफिसमधल्या मुलींना दाखवायला बरं पडतं. श्वासाचे व्यायाम करा, झोप पुरेशी घ्या, मोबाईल लांब ठेवा, डायरी लिहा, सगळं बरोबरच आहे आणि त्याने फरक पडतो हे मी स्वतः सांगू शकते. पण एक गोष्ट सारखी खटकते, ती म्हणजे यातला प्रत्येक उपाय माणसाने एकट्याने करायचा, खोलीचं दार लावून. बदलापूरहून रोज सीएसएमटीला जाणाऱ्या बाईला दार लावायला खोली कुठून मिळणार, तिच्या वाट्याला जो काही स्वतःचा वेळ येतो तो लोकलमध्ये येतो, चारी बाजूंनी माणसं असताना. म्हणून हे पत्र. अनोळखी माणसांशी जे साधं जुजबी बोलणं होतं ना, तो ताणावरचा खरा उपाय आहे, त्याला आपण काही किंमत देत नाही आणि तसं बोलायच्या जागा पण हळूहळू घालवत चाललोय, एवढंच मला सांगायचंय.

मागे आईच्या आजारपणात एका संध्याकाळी गाडीत असतानाच तिचा रिपोर्ट फोनवर आला. मी तो उघडून वाचत होते, बंद करत होते, परत उघडत होते, त्यातले शब्द कळत नव्हते तरी वाचतच होते. थंडीचे दिवस होते, शेजारी चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्या एक काकी मांडीवर पिशवी पसरून मटार सोलत होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, विचारलं काहीच नाही, मूठभर शेंगा माझ्या ओढणीत टाकल्या आणि म्हणाल्या, "घे, सोल. डोंबिवली यायच्या आत संपवायचेत, घरी गेल्या गेल्या उसळ टाकायचीये." आता सोलायचं म्हणजे दोन्ही हात लागतात, त्यामुळे फोन पर्समध्ये ठेवावाच लागला. सालं एका पिशवीत, दाणे स्टीलच्या डब्यात, एखादी शेंग किडकी निघाली की त्या माझ्या हातातून काढून घ्यायच्या आणि दुसरी द्यायच्या. मुलुंड गेलं आणि मीच बोलायला लागले, आईचं सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले, भाऊ गावाला आहे, सुट्टी शिल्लक नाहीये, सगळंच. त्या हं हं करत सोलत राहिल्या. उतरायच्या आधी डब्याचं झाकण लावताना एवढंच म्हणाल्या, "उद्या डॉक्टरला विचारायचं ते आज कागदावर लिहून ठेव. आणि जेवल्याशिवाय झोपू नको." बस. नाव त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मी यावर बराच विचार केलाय कारण त्या दिवशी घरी पोचेपर्यंत माझे हात थरथरायचे थांबले होते. त्या काकींनी "टेन्शन घेऊ नको" म्हटलं नाही, जे आपण सगळे पहिल्यांदा म्हणतो आणि ज्याचा आजवर कोणाला उपयोग झाला असेल असं मला वाटत नाही. त्यांनी हाताला काम दिलं. डोक्यात तेच तेच फिरत असतं तेव्हा हातात काहीतरी सोपं काम आलं आणि बाजूला कोणी बसलेलं असलं की ते फिरणं तुटतं, निदान थोडा वेळ तरी. दुसरं म्हणजे अनोळखी माणसाला सांगितलेलं तिथेच राहतं. घरी सांगितलं असतं तर घरच्यांचा ताण वाढला असता, भावाला सांगितलं असतं तर तो त्याच रात्री गाडी पकडून निघाला असता, ऑफिसात सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या नजरा बदलल्या असत्या. काकींना माझं सासर माहीत नाही न् माहेर माहीत नाही, त्यांना सांगून कोणाचंच काही बिघडत नव्हतं.

हे फक्त माझ्या मनाचं नाहीये, यावर अभ्यास झालेत. २०१४ साली निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या दोन मानसशास्त्रज्ञांनी शिकागोच्या लोकल ट्रेनमधल्या प्रवाशांवरचा अभ्यास छापला. काही प्रवाशांना सांगितलं शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला, काहींना सांगितलं गप्प एकटे बसा, आणि बाकीच्यांना रोज करता तसंच करा. आधी अंदाज विचारला तर लोकांना वाटत होतं की बोलावं लागलं तर प्रवास कंटाळवाणा होईल, प्रत्यक्षात जे बोलले त्यांचाच प्रवास सगळ्यात छान गेला. पुढे २०१८ मध्ये आणखी एक अभ्यास आला, त्यात दिसलं की नवीन माणसाशी बोलून झाल्यावर आपल्याला वाटतं त्याला आपण फार काही आवडलो नसणार, आणि गंमत म्हणजे समोरच्याला पण आपल्याबद्दल तेच वाटत असतं, प्रत्यक्षात दोघंही एकमेकांना बऱ्यापैकी आवडलेले असतात. म्हणजे बोलायला जी भीड वाटते तिला फारसा आधारच नाहीये. आणि मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने तर १९७३ मध्येच लिहून ठेवलं होतं की नोकरीची खबर माणसाला जवळच्या मित्रांपेक्षा अशा वरवरच्या ओळखीतून जास्त मिळते. आमच्या डब्यात याला अभ्यासाची गरज नाही म्हणा, इथे पाळणाघर, क्लास, स्थळं, चांगला दातांचा डॉक्टर सगळं असंच कळतं.

पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ ला चर्चगेट बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल सुरू केली. ती बायकांना नीट, सुरक्षित जाता यावं म्हणून होती, पण लेडीज डब्यांमध्ये गेल्या कित्येक वर्षांत जे तयार झालंय ते कुठल्या सरकारी योजनेतून झालं नसतं. हळदीकुंकू होतं, डोहाळजेवण होतं, दसऱ्याला डब्याला हार घालतात, टिकल्या क्लिपा विकणारी ताई कुणाच्या घरी काय चाललंय हे लक्षात ठेवून विचारते. पुरुषांच्या डब्यात भजनी मंडळं असतात, पत्र्यावर ताल धरून रोज म्हणतात, दिवसभर साहेबाचं ऐकून आलेला माणूस तिथे खुल्या आवाजात गातो. मला फक्त एक वाटतं की पुरुष क्रिकेट, राजकारण, शेअर सगळं बोलतात पण स्वतःला काय होतंय ते क्वचितच बोलतात, ते बोलले तर बरं होईल.

दुसरी जागा म्हणजे हॉस्पिटलची रांग. परळला केईएम, टाटा, वाडिया अशी मोठी हॉस्पिटलं जवळ जवळ आहेत आणि तिथे सगळ्या महाराष्ट्रातून, बाहेरून पण माणसं येतात, कित्येकांना मुंबईत कोणी ओळखीचं नसतं. आईला घेऊन अशाच एका रांगेत उभी असताना जळगावकडचे एक काका पुढे होते. ते म्हणाले, "ताई, प्रत्येक कागदाच्या दोन दोन झेरॉक्स आत्ताच काढून आणा, वर गेल्यावर परत खाली पळवतात. आईंना बसवा तिकडे, नंबर मी धरतो." त्यांच्या बायकोची ट्रीटमेंट चालू होती, ते स्वतः किती ताणात असतील, पण मला त्यांनी पुढची एक पायरी दाखवली, आणि त्यापुढची पायरी कोणत्या खिडकीवर आहे ते पण. ताणात असलेल्या माणसाला सगळा डोंगर एकदम दिसत असतो, त्याला कोणीतरी फक्त पुढचं पाऊल दाखवलं तरी पुरतं. नंतर मागे उभ्या असलेल्या नांदेडच्या एका मुलाला मी तेच सांगितलं, झेरॉक्सचं, आणि सांगताना मला स्वतःलाच इतकं बरं वाटलं. मदत घेण्याइतकाच मदत करण्याचाही उपयोग होतो, आपल्या हातात काहीच नाही असं जे वाटत असतं ते जरा कमी होतं.

आता याची दुसरी बाजू पण लिहिलीच पाहिजे, नाहीतर माझं म्हणणं अर्धवट राहील. अनोळखी माणसं ताण देतात पण, बाईला तर रोज देतात. गर्दीचा फायदा घेणारे, टक लावून बघणारे, दारात उभं राहून चढू न देणारे. लेडीज डब्यातल्या ज्या ग्रुपचं मी वर कौतुक केलं त्यातलेच काही ग्रुप रुमाल टाकून जागा अडवतात आणि नवीन मुलगी बसली तर तिला उठवतात, हे चुकीचंच आहे आणि याच्यावर कारवाई व्हायला हवी. शिवाय आपल्याकडे बोलणं सुरू झालं की दुसऱ्या मिनिटाला प्रश्न येतात, लग्न झालं का, मूल का नाही, पगार किती. आणि आडनाव काय. आडनाव कशाला विचारतात हे विचारणाऱ्याला पण माहीत असतं आणि सांगणाऱ्याला पण, आणि ते सांगितल्यावर समोरचा चेहरा बदलताना ज्यांनी बघितलाय त्यांनी गप्प राहणं पसंत केलं तर त्यांना दोष देता येणार नाही. म्हणून बोलायचंच तर गाडीबद्दल बोला, भाजीच्या भावाबद्दल बोला, समोरच्याला जेवढं सांगायचंय तेवढंच ऐका. कानात हेडफोन घालून डोळे मिटून बसलेल्या मुलीला तिचा तिचा वेळ द्या, तिला त्याची गरज असते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा अनोळखी लोकांनी घरं उघडली, चहा बिस्किटं दिली, हे आपण दरवर्षी आठवतो आणि आठवावंच. पण तसा प्रसंग रोज येत नाही आणि ताण रोज येतो. रोजच्या रोज दोन शब्द बोलायच्या जागा मात्र कमी होतायत. एसटीत सुट्टे नसले की कंडक्टर दोन अनोळखी प्रवाशांना मिळून एक नोट द्यायचा, "तुम्ही दोघं वाटून घ्या", मग ते दोघं उतरून चहाच्या टपरीवर ती नोट मोडायचे, तोवर कुठले, कोणाकडे निघालात एवढं बोलणं व्हायचंच. मोबाईलने पैसे भरायची सोय चांगली आहे, मी पण तसेच भरते, पण ते बोलणं गेलं हे पण खरं. गावातला पार, वाड्याचा ओटा, गोव्यातल्या घरांचं बाल्कांव, दादरला शिवाजी पार्कचा कट्टा, या सगळ्या जागा टेकायच्या आहेत, तिथे काही विकत घ्यावं लागत नाही. आता बाहेरचे येऊन बसतात म्हणून सोसायट्या बाकं उचलतात, बसस्टॉपवर बसायला नुसता तिरका पाईप असतो ज्यावर म्हाताऱ्या माणसाला नीट टेकता पण येत नाही.

बाकाची ताकद काय असते ते झिंबाब्वेने दाखवलंय. तिथे मानसोपचारतज्ज्ञ अगदी मोजके, म्हणून डिक्सन चिबांडा या डॉक्टरांनी २००६ मध्ये हरारेमध्ये वस्तीतल्या आज्यांना ट्रेनिंग दिलं आणि दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक ठेवलं, त्याला फ्रेंडशिप बेंच म्हणतात. आजी बसते, ऐकते, आणि आलेल्या माणसाला त्याच्या अडचणींमधली एक निवडायला लावते जिच्यावर आता काहीतरी करता येईल. २०१६ मध्ये त्याचा नीट अभ्यास छापून आला, सहा महिन्यांनी या लोकांचा त्रास नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बराच कमी होता. आपल्याकडे गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या संगथ संस्थेने पण डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात डिप्रेशनच्या पेशंटना मदत होऊ शकते हे दाखवून दिलं. हे वाचलं तेव्हा मला त्या मटारवाल्या काकीच आठवल्या, फरक एवढाच की या आज्यांना शिकवलेलं असतं आणि कधी डॉक्टरकडे पाठवायचं हे त्यांना कळतं.

ते कळणं महत्त्वाचं आहे. झोप लागत नाही, जेवण जात नाही, जीव नको वाटतो असं कोणी सांगत असेल तर तिथे गप्पा पुरत नाहीत, डॉक्टरच हवा. केंद्र सरकारची टेलिमानस ही हेल्पलाईन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. माझ्या डब्यात मी विचारलं तर बहुतेक जणींना हा नंबर माहीतच नव्हता.

तर माझ्या दोन विनंत्या आहेत. आपण पावसाचे आणि सोन्याचे आकडे रोज छापता तसा हा १४४१६ नंबर रोज पहिल्या पानावर कोपऱ्यात छापा, म्हणजे ज्याला लागेल त्याला शोधावा लागणार नाही. आणि आपल्या वार्ताहरांना एकदा कल्याणपुढच्या स्टेशनांवर पाठवून प्रत्येक प्लॅटफॉर्मवर लेडीज डबा येतो तिथे बसायला बाक आहे का, त्यावर सावली आहे का, बसस्टॉपवर टेकता येतं का, हे बघून फोटोसकट छापा. आमच्या डब्यातल्या बायका आपापल्या स्टेशनची माहिती जमा करून द्यायला तयार आहेत.

आपली नियमित वाचक,
बदलापूर (पूर्व)