रानकेळीसाठी आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

घोडबंदर रस्त्यावरील आपल्या रोपवाटिकेतून आपण दिलेल्या रानकेळीच्या बियांची रोपे आमच्या सोसायटीमागच्या खडकाळ उतारावर आता चांगली रुजली आहेत. मात्र हे जाहीर आभार बियांपेक्षा आपण त्यांच्यासोबत दिलेल्या माहितीबद्दल आहेत. कारण हे झाड केळीसारखे दिसत असले तरी केळीसारखे वागत नाही, हे लागवडीआधीच सांगणारा माणूस सहसा भेटत नाही.

एन्सेटे सुपर्बम असे शास्त्रीय नाव असलेली ही वनस्पती सह्याद्रीच्या कातळकड्यांवर उगवते. कोणी तिला कवदर म्हणते, कोणी चवेणी. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी तिचे वर्णन केले तेव्हा ती केळीच्याच 'मुसा' प्रजातीत गणली गेली आणि १९४७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ चीझमन यांनी एन्सेटे ही प्रजाती पुन्हा वेगळी मानेपर्यंत तिथेच राहिली. बुंधा फुगीर, फळात गर जेमतेम आणि बियाच बिया, हे फरक तर डोळ्यांना दिसतातच. पण खरा फरक असा की तिला मुनवे (बुंध्याशेजारी फुटणारी पिल्ले) येत नाहीत. ती आयुष्यात एकदाच, तीही कित्येक वर्षांनी, फुलते आणि फळे पिकली की कंदासकट मरते. पुढची पिढी केवळ बियांवर अवलंबून असल्यामुळे येऊरच्या डोंगरातून एकही रोप उपटून आणायचे नाही, ही अट आपण बिया देण्यापूर्वीच घातली होती आणि ती मला पूर्णपणे पटली.

बियांचे कवच अतिशय टणक असते. आपण सांगितल्याप्रमाणे ते पॉलिश पेपरवर हलके घासून बिया दोन दिवस कोमट पाण्यात ठेवल्या, पाणी बदलत राहिलो आणि वाळू, लाल माती व कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात साधारण बोटाच्या एका पेराइतक्या खोल पेरल्या. त्या एकाच वेळी उगवत नाहीत, काही आठवड्यांत तर काही महिन्यांनी येतात, तेव्हा कुंडी रिकामी करण्याची घाई करू नका, असे आपण बजावले होते. पहिली रोपे आल्यानंतर बऱ्याच काळाने आलेली रोपेच आज अधिक जोमदार आहेत. पावसाच्या सुरुवातीला ती उतारावर लावली. ठाण्याच्या पावसात सपाट जागी पाणी साचून कंद कुजतो, म्हणून जागाही आपणच सुचवली होती.

परंतु सर्वांत मोलाचा ठरला तो उन्हाळ्याचा सल्ला. पावसाळा सरून हवा कोरडी पडली की रानकेळीची पाने पिवळी पडतात, वरचा भाग सुकून जातो आणि जिवंत राहतो तो मातीतला कंद. त्या काळात पाणी जवळपास बंद ठेवायचे आणि खोदून पाहायचे नाही, हे आपण इतक्या ठामपणे सांगितले होते की सोसायटीतील काही सदस्यांनी 'मेलेली झाडे' काढण्याचा आग्रह धरला तेव्हा मला त्यांना नीट उत्तर देता आले. जूनमध्ये पाऊस स्थिरावताच नवी पाने वर आली आणि तो वाद मिटला. (त्याच सदस्यांनी नंतर इथिओपियात हिच्या बहिणीच्या, म्हणजे याच एन्सेटे प्रजातीतल्या दुसऱ्या वनस्पतीच्या, कंदावर लाखो लोक जगतात, हे मलाच ऐकवले.)

आता शेजारच्या इमारतींतूनही रोपांची विचारणा होऊ लागली आहे. त्यांच्यापैकी कोणी आपल्याकडे आले, तर आधी जागा किती आहे ते विचारावे, ही विनंती. दोन माणसांच्या उंचीचे आणि तितक्याच घेराचे झाड बाल्कनीतल्या कुंडीसाठी नाही, हे माझ्यापेक्षा आपल्या तोंडून त्यांना लवकर पटेल.

आपला कृतज्ञ,
येऊरच्या पायथ्याचा एक रहिवासी, ठाणे